इशारे अनेकांचे, आवाज एकाचा

अगं, परवा फोनवर तू किती सहज म्हणालीस, "मामा, टॅब्लेटला दोन कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि ऑडिओ इंटरफेस जोडायचाय. चार वायरी तर आहेत!" मी हसलो नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो होतो. त्या रात्री एका जत्रेत आमच्या पोराने ऑक्टोपॅडवर ढोलकीची थाप मारली आणि स्पीकरमधून पियानो वाजला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या दिल्या. त्यांना वाटलं, काहीतरी नवीन आलंय.

आता माझे गुडघे स्टेजच्या पायऱ्या चढू देत नाहीत. म्हणून माझी वायरींची पिशवी तुझ्याकडे पाठवतोय, आणि तिच्याबरोबर हे कानमंत्र. यातला एकही मला दुकानदाराने सांगितलेला नाही. एकेक सुपारी वाजवताना फजिती झाली, तेव्हा कळलेलं आहे.

भुवई वेगळी, तोडा वेगळा

तू कीबोर्डवर एक स्वर दाबतेस तेव्हा यूएसबीच्या वायरीतून दोन निराळ्या गोष्टी जाऊ शकतात. एक ऑडिओ, म्हणजे प्रत्यक्ष आवाज. दुसरी मिडी, म्हणजे नुसता इशारा. अमुक स्वर दाबला, इतक्या जोराने दाबला, आता सोडला, एवढंच. त्या इशाऱ्यात पियानोही नसतो आणि सनईही नसते. तमाशात सोंगाड्या भुवई उडवतो आणि ढोलकीवाला तोडा वाजवतो ना? भुवई म्हणजे मिडी, तोडा म्हणजे ऑडिओ. भुवई पाहून कुठला तोडा वाजवायचा हे ढोलकीवाला ठरवतो. तुझ्या जोडणीत तो ढोलकीवाला म्हणजे टॅब्लेटमधलं अ‍ॅप.

ही इशाऱ्यांची भाषा जन्मली त्याची गोष्ट मला फार आवडते. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका वाद्यप्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन कीबोर्ड एका वायरीने जोडले गेले. एकावर बोटं फिरली आणि दुसरा वाजला. बाजारात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन कंपन्या, पण भाषा एक ठरली. पुढे २०१३ मध्ये स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना मिळून तांत्रिक ग्रॅमी मिळालं. आज तुझ्या हातातलं स्वस्तातलं पॅडही तीच भाषा बोलतं.

इशारा वजनाने हलका असतो. पाच पिनांची जुनी मिडी वायर सेकंदाला फक्त ३१,२५० बिट वाहून नेते, यूएसबी २.० ची कमाल क्षमता ४८ कोटी आहे. म्हणून चार-पाच वाद्यांचे इशारे टॅब्लेटला एकदम झेपतात. आवाजाचं मात्र तसं नाही. आवाज आत घ्यायला आणि बाहेर काढायला टॅब्लेट साधारणपणे एकाच यूएसबी उपकरणाला धरतो; आपल्या जोडणीत ते उपकरण म्हणजे ऑडिओ इंटरफेस. माझ्या बाकीच्या सगळ्या मंत्रांचं मूळ इथे आहे: इशारे अनेकांचे, आवाज एकाचा.

पंगतीला यजमान एकच

यूएसबीत एक यजमान असतो आणि बाकी सगळे पाहुणे. पाहुणे एकमेकांशी परस्पर बोलत नाहीत. सगळं यजमानामार्फत चालतं. म्हणून दोन साध्या कीबोर्डांमध्ये थेट यूएसबीची वायर घातलीस तर दोघेही मख्ख बसतात. मध्ये टॅब्लेट हवा. यूएसबी १९९६ मध्ये आली. ती घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्टही होते. कागदावर एका यजमानाला १२७ पाहुणे चालतात. आपल्याला चार जेवले तरी पुरे.

कीबोर्डच्या पाठीवर यूएसबीची दोन भोकं दिसली तर नीट बघ. चौकोनी भोक असतं, त्यावर बहुधा 'टू होस्ट' लिहिलेलं असतं. टॅब्लेटकडे जाणारी वायर तिथून निघते. चपटं भोक पेनड्राइव्हसाठी. तिथे टॅब्लेट जोडून अर्धा तास घाम गाळलेले वादक मी पाहिलेत. त्यातला एक मीच होतो.

टॅब्लेटकडच्या बाजूला काय आहे ते आधी ओळख. आयपॅड प्रोला २०१८ पासून, एअरला २०२० पासून, मिनीला २०२१ पासून आणि साध्या आयपॅडला २०२२ पासून यूएसबी-सी आहे. त्याआधीचा लायटनिंगवाला असेल तर कॅमेऱ्यासाठी मिळणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. चार्जिंगचं वेगळं भोक असलेलाच घे, नाहीतर दुसऱ्या गाण्यापासून तुझं लक्ष सुरांवरून उडून बॅटरीच्या टक्क्यांवर जाईल. अँड्रॉइडला मिडी ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून नीट कळतं. काही अँड्रॉइड टॅब्लेटांत सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी, म्हणजे टॅब्लेटला यजमान बनवणारी सोय, चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं वापर झाला नाही तर ते आपोआप बंद होतं. निवेदक बोलायला लागला की दहा मिनिटं कशी जातात, तुला ठाऊकच आहे.

आणखी एक. लॅपटॉपवर कंपनीचा ड्रायव्हर टाकता येतो, टॅब्लेटवर बहुधा ती सोय नसते. म्हणून कुठलंही वाद्य किंवा इंटरफेस घेताना तपकीर गल्ली असो की लॅमिंग्टन रोड, दुकानदाराला एकच शब्द विचार: "क्लास कम्प्लायंट आहे का?" म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालतं का. त्याला शब्द कळला नाही तर तुझा टॅब्लेट काढ आणि जोडून दाखवायला सांग. काही वाद्यांच्या मेनूत यूएसबी ड्रायव्हरसाठी दोन पर्याय असतात, एक कंपनीचा स्वतःचा आणि एक 'जेनेरिक'. आपल्याला जेनेरिक हवा. तो निवडल्यावर वाद्य एकदा बंद करून चालू कर. नुसता पर्याय बदलून भागत नाही.

पानं मोजून वाढप

पंगतीला पानं किती हे न मोजता वाढायला सुरुवात केली तर शेवटच्या रांगेत भात संपतो. टॅब्लेटच्या एका भोकाची अनेक भोकं करून देणाऱ्या हबचंही तसंच आहे. यूएसबी २.० च्या एका भोकातून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते असं धरून चाल. माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवणारा इंटरफेस एकटाच तेवढी ओढू शकतो. छोटा दोन सप्तकांचा कीबोर्ड शंभरेक मिलिअँपिअरवर चालतो. ज्या कीबोर्डला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर आहे तो हबकडे जवळजवळ काहीच मागत नाही. तो घरून जेवून आलेला पाहुणा.

म्हणून आधी कागदावर बेरीज मांड. प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात आकडा असतो. बेरीज आली की तिच्या दीडपट तरी वीज देणारा, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब घे. पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे दोन हजार मिलिअँपिअर. आपल्या चार पाहुण्यांना भरपूर झाले. स्वतःची वीज नसलेला चपटा हब घरात पेनड्राइव्हसाठी ठीक आहे, स्टेजवर नको. त्यावर वाद्य जोडलं की टॅब्लेट एक तर 'याला जास्त वीज लागते' म्हणून हात वर करतो, नाहीतर त्याहून वाईट म्हणजे काही न बोलता मधूनच वाद्य सोडून देतो.

हबला हब जोडू नकोस. नियमात बसतं, पण स्टेजवर बिघाड शोधायला बसलीस की प्रत्येक जोड हा एक संशयित असतो. जोड जितके कमी, तितकी रात्रीची झोप जास्त.

आता यातली सर्वांत लपलेली खोड सांगतो. यूएसबी-सीचे काही हब असे असतात की त्यांच्यातच चार्जर खुपसायचा आणि टॅब्लेटही चार्ज होतो. सोय मोठी आहे, पण चार्जर घातला किंवा काढला की हब आणि टॅब्लेट विजेचा हिशेब पुन्हा मांडतात आणि तेवढ्यात सगळी वाद्यं क्षणभर सुटतात. गाणं चालू असताना कुणी "ताई, जरा मोबाइल चार्जिंगला लावतो" म्हणत तुझ्या बोर्डावरची पिन हलवली, की संपलं. माझ्यावर ही वेळ अंतऱ्याच्या ऐन तोंडावर आली होती. तेव्हापासून माझ्या बोर्डाच्या रिकाम्या भोकांवर चिकटपट्टी असते.

वायरीचा स्वभाव

जोडणीतले निम्मे बिघाड वायरीतच सापडतात. मोबाइलबरोबर आलेल्या काही वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात इशारे नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. दिवा लागतो, पण वाद्य दिसत नाही. म्हणून पिशवीत येणारी प्रत्येक वायर आधी घरी तपासायची. तिने एखादी फाइल इकडून तिकडे गेली तरच ती पिशवीत, नाहीतर ती चार्जरच्या डब्यात. पाच मीटरपेक्षा लांब यूएसबी वायर घेऊ नकोस. ऑक्टोपॅडवाला लांब बसणार असेल तर पाच पिनांची मिडी वायर लांब ने आणि यूएसबी आखूड ठेव.

आपल्याकडे अजून कितीतरी जणांकडे जुना एसपीडी-२० ऑक्टोपॅड आहे. तो दणकट आहे, पण त्याला यूएसबी नाही, पाच पिनांचं मिडीच आहे. त्याला मिडी-यूएसबीची वायर लागते. तिच्या दोन शेपट्यांवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं, आणि नवखा माणूस 'आउट' शेपटी वाद्याच्या 'आउट'मध्येच घालतो. बहुतेक वायरींत हे उलटं असतं. वाद्यातून बाहेर पडणारा इशारा वायरीत आत शिरायचा, म्हणून वाद्याचं 'आउट' आणि वायरीचं 'इन'. काही झालं नाही तर शेपट्या अदलाबदल करून बघ. त्याने काही जळत नाही.

वायर कोपराभोवती गरगर गुंडाळू नकोस, आतल्या तारांना पीळ बसतो. एक वेढा सुलटा, एक उलटा असा घाल. आणि टॅब्लेटचं ते छोटंसं भोक हे सगळ्या जोडणीतलं सर्वांत नाजूक ठिकाण. हबची वायर आधी स्टँडला बांधायची आणि मग सैल वळण ठेवून टॅब्लेटला लावायची. कुणाचा पाय अडकला तर ओढ स्टँडला बसावी, टॅब्लेटला नाही.

दिंडीतला क्रम

दिंडीत जसा प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो तसा जोडण्याचाही ठरवून टाक आणि तो कधी मोडू नकोस. आधी हबची वीज चालू. मग वाद्यं चालू. मग टॅब्लेटचं कुलूप उघड, कारण बराच वेळ कुलूपबंद राहिलेला आयपॅड नवीन यूएसबी उपकरणाला दाराबाहेर उभं करतो. मग टॅब्लेट हबला जोड. त्यानंतर एकेक वाद्य हबला लाव आणि प्रत्येक लावल्यावर एक स्वर वाजवून बघ. सगळी एकदम खुपसलीस आणि काही चाललं नाही, तर कोण रुसलंय हे शोधायला सगळी पुन्हा काढावी लागतात. ऑडिओ इंटरफेस सर्वांत शेवटी. का, ते पुढे सांगतो. अ‍ॅप उघडायचं ते त्यानंतर.

उतरवताना याच्या उलट. आणि मुख्य आवाज खाली केल्याशिवाय एकही वायर ओढायची नाही. स्पीकरचा 'धाड' आवाज साउंडवाल्याला वर्षभर लक्षात राहतो.

प्रत्येकाला आपापलं पान

आता त्या जत्रेतल्या पियानोकडे येऊ. मिडीच्या एका वायरीत सोळा चॅनेल असतात, म्हणजे सोळा पानं. कुठल्या पानावरचा इशारा कुणी उचलायचा हे अ‍ॅपमध्ये ठरवायचं असतं. मी ते ठरवलंच नव्हतं. अ‍ॅपमधला पियानो 'ओम्नी'वर होता, म्हणजे दिसेल त्या पानावर हात मारणारा. ऑक्टोपॅडने थाप पाठवली, ती पियानोने उचलली.

तेव्हापासून माझी वाटणी ठरलेली आहे. खालचा कीबोर्ड चॅनेल एक, वरचा कीबोर्ड चॅनेल दोन, ऑक्टोपॅड दहा. ड्रमसाठी दहा हा १९९१ च्या जनरल मिडीपासूनचा रिवाज आहे, त्यामुळे नवीन तालवाला आला तरी त्याला समजावून सांगावं लागत नाही. चॅनेल वाद्यातही बदलायचं आणि अ‍ॅपमध्येही त्या त्या आवाजाला तेवढंच ऐकायला सांगायचं. आयपॅडवर मी 'ऑम' हे अ‍ॅप वापरतो. त्यात कुठल्या वाद्याचा इशारा कुठल्या आवाजाकडे जातो हे समोर दिसतं. तू दुसरं काही वापरलंस तरी हरकत नाही, पण ही वाटणी दाखवणारं हवं.

एकाच कंपनीचे दोन सारखे कीबोर्ड जोडलेस तर टॅब्लेटला दोघांची नावं एकच दिसतात. जुळ्या पोरांसारखं. त्यांना नावावरून ओळखू नकोस, चॅनेलवरून ओळख.

याच घरातली दुसरी खोड म्हणजे एका स्वराला दोन आवाज. कीबोर्ड स्वतःही वाजतो आणि त्याचा इशारा घेऊन टॅब्लेटही वाजतो. फक्त टॅब्लेटचा आवाज हवा असेल तर कीबोर्डच्या मेनूत 'लोकल' बंद कर. कार्यक्रम संपल्यावर ते चालू करायला विसरू नकोस, नाहीतर दुसऱ्या दिवशी कीबोर्ड मुका झाला म्हणून दुरुस्तीला घेऊन जाशील. मी नेला होता. दुरुस्तीवाल्याने एक बटण दाबलं आणि चहा पाजून परत पाठवलं.

पट्टी एकाच ठिकाणी बदल

एका लग्नात गायकाची पट्टी होती पांढरी दोन. मी बोटं पांढरी एकवर ठेवून कीबोर्डवर ट्रान्सपोज अधिक दोन केला. आदल्या दिवशी सरावाला अ‍ॅपमध्येही अधिक दोन केलेला होता, तो तसाच राहिला होता. कीबोर्डने दोन चढवून इशारा पाठवला, अ‍ॅपने त्यात आणखी दोन घातले. बिचारा गायक पांढरी तीनमध्ये गायला. वरच्या षड्जावर त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

नियम साधा आहे. पट्टी बदलायची जागा एकच. मी कीबोर्डवर बदलतो, कारण तिथला आकडा मान न वळवता दिसतो. अ‍ॅपमध्ये कायम शून्य.

आवाज एकाचा

आता मूळ मंत्राचा दुसरा अर्धा भाग. हल्लीच्या काही कीबोर्डांत स्वतःचाच यूएसबी ऑडिओ असतो. तू तो फक्त इशाऱ्यांसाठी जोडतेस, पण टॅब्लेटला वाटतं, हा नवा आवाजवाला आला. आयपॅडचा साधारण नियम असा की जो शेवटी आला, आवाज त्याच्याकडे. माझ्या बाबतीत काय झालं? इंटरफेस लावून झाला, मोठ्या स्पीकरवर सगळं सुरेख वाजत होतं. मग मी तसा कीबोर्ड जोडला. मोठे स्पीकर गप्प झाले आणि माझ्या मांडीजवळच्या कीबोर्डच्या दोन इवल्या स्पीकरांतून सगळा ऑर्केस्ट्रा बारीक आवाजात वाजू लागला. साउंडवाला मिक्सरची बटणं फिरवून दमला. दोष त्याचा नव्हताच.

म्हणून इंटरफेस शेवटी लावायचा. पण हा अर्धाच उपाय झाला. मध्येच वीज क्षणभर गेली आणि तो कीबोर्ड सुटून पुन्हा जोडला गेला, तर आवाज पुन्हा त्याच्याकडे पळतो. पक्का उपाय असा: त्या कीबोर्डच्या मेनूत यूएसबी ऑडिओ बंद करता येतो का बघ. येत नसेल आणि पाच पिनांचं मिडी असेल, तर त्याचा इशारा त्या वाटेने आण. मग टॅब्लेटला तो आवाजवाला म्हणून दिसणारच नाही.

आणि दोन इंटरफेस एकदम जोडायचा हट्ट धरू नकोस. मॅकवर दोन इंटरफेस मिळून एक करायची सोय आहे, आयपॅडवर नाही. चार आवाज आत घ्यायचे असतील तर चार भोकांचा एकच इंटरफेस घे. दुसऱ्या कीबोर्डचा स्वतःचा आवाज हवा असेल तर तो जाड जॅकच्या वायरीने त्या इंटरफेसमध्ये आण. जुनी वाट आहे, पण कुणाची परवानगी लागत नाही.

उशीर मीटरमध्ये मोज

स्वर दाबल्यापासून ऐकू येईपर्यंत जो वेळ जातो तो मुख्यतः अ‍ॅपमधल्या बफरच्या, म्हणजे आवाज पाठवण्याआधी साठवायच्या तुकड्याच्या, आकड्यावर ठरतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे उशीर मी नेहमी अंतरात मोजतो. ४४,१०० हर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे सुमारे सहा मिलिसेकंद, म्हणजे स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्यासारखं. हाताला कळतही नाही. इशारा पोहोचायला आणि इंटरफेसमधून आवाज निघायला आणखी थोडा वेळ लागतो, तो यात वेगळा मिळवायचा. १२८ केलास तर अंतर निम्मं होतं, पण जुन्या टॅब्लेटला दम लागतो आणि आवाजात तडतड येते. तडतड आली की २५६, तरीही आली तर ५१२. त्यापुढे गेलीस तर ढोलकीचा हात अडखळतो.

ब्लूटूथचा स्पीकर किंवा हेडफोन मात्र वाजवताना कानालाही लावू नकोस. तिथे उशीर दीडशे मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो. म्हणजे आपण इथे वाजवायचं आणि स्पीकर पन्नास मीटरवर, मैदानाच्या पलीकडे. हर्ट्झचा आकडाही इंटरफेसमध्ये आणि अ‍ॅपमध्ये एकच ठेव, ४४,१०० किंवा ४८,०००. दोघांनी दोन आकडे धरले की कुरबुर सुरू.

पांढरी पाचच्या वर बसलेलं भूत

मिरजेत सतारमेकर गल्लीतून जाताना तंबोऱ्याची जवारी लावताना ऐकलीस ना? ती गुंज कान तृप्त करते. टॅब्लेट चार्जिंगला लावल्यावर स्पीकरमधून येते ती गुणगुण त्याच्या नेमकी उलट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. खर्जातली पांढरी पाच ४९ हर्ट्झवर बसते. म्हणजे ही गुणगुण पांढरी पाचच्या किंचित वर लागलेला बेसूर तंबोरा आहे आणि तो प्रत्येक गाण्याखाली वाजत राहतो. गायक म्हणतो, आज सूरच लागत नाही. बिचाऱ्याला कारण कळत नाही.

कारण बहुधा हे असतं: टॅब्लेटचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांच्या अर्थिंगच्या तारा यूएसबी आणि जॅकच्या वायरींतून एकमेकींना भेटून गोल पूर्ण करतात. तपासायला सोपं. चार्जर काढ. गुणगुण गेली तर चोर तोच. मग सगळी वीज एकाच बोर्डावरून घे. तेवढ्याने भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये घाल आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाब.

माझा आवडता उपाय मात्र वेगळा आहे. टॅब्लेट त्याच्या बॅटरीवर चालव आणि हबचा अ‍ॅडॉप्टर पाच व्होल्टचा असेल तर त्या जागी पॉवरबँक लाव. हबवर एक अँपिअरचा भार असेल तर दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवरबँक पाच-सहा तास जाते. गुणगुणीचं मूळ तुटतं आणि जनरेटर बंद पडला तरी हबच्या विजेवर चालणारी वाद्यं टॅब्लेटला सुटत नाहीत. पण आधी घरी तासभर चालवून बघ. भार फार कमी असला की काही पॉवरबँका आपल्याला काम नाही असं समजून झोपी जातात.

एक गोष्ट कधीच करायची नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायची नाही: प्लगची अर्थची पिन तोडणं. गुणगुण जाते हे खरं. एका मंडपात ती तशी घालवली होती आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या गायकाच्या ओठाला माइकचा चटका बसला. तेवढ्यावर निभावलं.

स्टेजवरचा टॅब्लेट फोन नसतो

कार्यक्रमाआधी विमान मोड. घंटी बंद. पडदा आपोआप काळा होणं बंद. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात टॅब्लेटला किंवा अ‍ॅपला नवीन आवृत्ती द्यायची नाही. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी शंभर पानांचा स्वयंपाक सांगत नाहीत.

उन्हाचंही बघ. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा असं कंपनीच सांगते. मे महिन्यात सोलापूरकडे संध्याकाळी पाचला साउंड चेक असेल तर हवाच त्याच्या वर असते. टॅब्लेटचं कव्हर काढ, मंडपाच्या सावलीत ठेव आणि पडद्याचा उजेड कमी कर. तापला की तो काळा पडदा दाखवून बसतो आणि कितीही विनवण्या कर, गार झाल्याशिवाय उठत नाही.

स्वर दाबलेला असताना वायर सुटली तर 'सोडला' हा इशारा पोहोचतच नाही आणि तो स्वर अखंड वाजत राहतो. घाबरायचं नाही. बहुतेक अ‍ॅपांत 'पॅनिक' नावाचं बटण असतं, ते सगळे स्वर सोडवतं. ते कुठे आहे हे अंधारातही बोटाला माहीत असायला हवं. आणि सगळंच बसलं तर? वरच्या कीबोर्डचा स्वतःचा आवाज मिक्सरच्या एका भोकात नेहमी जॅकने लावून ठेव, नुसता खाली केलेला. टॅब्लेट पडला की लोकल चालू, आवाज वर, आणि गाणं पुढे. लोकांना फक्त सनईऐवजी ऑर्गन ऐकू येतो.

सगळं जोडून झालं की पडद्याकडे बघून खात्री करू नकोस. पडद्यावर नाव दिसणं म्हणजे वाद्य सुरात असणं नव्हे. डोळे मिट, पहिल्या कीबोर्डवर सा, दुसऱ्यावर सा, ऑक्टोपॅडच्या आठही पॅडांवर एकेक थाप आणि माइकमध्ये एकदा "हॅलो". प्रत्येक आवाज ज्याच्या त्याच्या जागेवरून आला, तरच साउंडवाल्याला अंगठा दाखव.

पिशवीत प्रत्येक वायरीला राखीचे रंगीत धागे बांधलेले दिसतील, तुझ्या आईने मला बांधलेल्या राख्यांचेच. तांबडा खालच्या कीबोर्डचा, हिरवा वरच्याचा, पिवळा ऑक्टोपॅडचा आणि पांढरा इंटरफेसचा. हबच्या भोकांवरही तेच रंग आहेत. धावपळीत विचार करायचा नाही, रंगाला रंग लावायचा. तुला हे रंग पसंत नसतील तर खुशाल बदल. फक्त बदलशील ते दोन्ही टोकांना बदल.